११८ क्रमांकाची बाई

त्रोम्सो, सोमवार, १९ ऑक्टोबर २००९

प्रति,
श्री. उल्वगाल्द (खरं नाव तबकडीवर छापलेलं नाही),
गायक, 'रिमगार्द' बॅन्ड, बेर्गेन

महोदय,

शनिवार, १७ ऑक्टोबर रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी धक्क्यावर कॉड घ्यायला रांगेत उभी होते. माझ्यापुढचे गृहस्थ मागे वळले, तेव्हा त्यांच्या पोटावर माझी आई होती.

वेळ नेमकी सांगते आहे, कारण मी चाळीस वर्षं शस्त्रक्रियागृहात परिचारिका होते. काही गंभीर घडलं की आधी घड्याळ बघायचं, मग काय ते करायचं, अशी सवय लागते.

शर्ट काळा होता. आईच्या दोन्ही डोळ्यांतून हनुवटीपर्यंत काळे ओघळ काढले होते. वर आपल्या बॅन्डचं नाव काटेरी झुडपासारख्या अक्षरांत, आणि खाली 'शुद्ध रक्ताची माता'. गृहस्थ मासेवाल्याशी हसत होते. ते हसले की आई हलत होती.

"ही बाई कोण?" मी विचारलं.

"ही होय आजी? ही आदिमाता. हजार वर्षांपूर्वीची."

"हजार वर्षांपूर्वी कॅमेरा होता?"

त्यांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "ते बॅन्डवाल्यांना विचारा. मी नुसता शर्ट घेतला. दोन घेतले, एक बायकोला."

मासेवाला म्हणाला, "पेत्रा, कॉड घेणार की पोटं बघणार?"

ही बाई हजार वर्षांपूर्वीची नाही. १९०८ साली जन्मली, फेब्रुवारी १९४५ मध्ये गेली. नाव बेरित. डाव्या भुवईवरचा व्रण आपल्या चित्रकाराने काढलेला नाही, लहानपणी बकरीनं दिलेला आहे. तिने कोणाची आदिमाता होण्याचं कबूल केलं नव्हतं.

रक्ताबद्दलही थोडं सांगते. त्याचे गट चार. 'शुद्ध' नावाचा गट मी चाळीस वर्षांत एकाही बाटलीवर वाचलेला नाही, आणि अशी बाटली कुणी आणली असती तर सर्जननं ती परत पाठवली असती.

माझ्या मागण्या दोन. हा फोटो आपल्याला कुठून मिळाला ते कळवावं. आणि शर्ट, तबकडी, भित्तिपत्रक, जिथे जिथे हा चेहरा छापला आहे तिथून तो काढावा. लेखी उत्तर शनिवार, ३१ ऑक्टोबरच्या आत.

पेत्रा मिकालसेन
निवृत्त मुख्य परिचारिका


बेर्गेन, ९ नोव्हेंबर २००९

उत्तरभूमीच्या कन्येस,

आपले पत्र पावले. आमच्या प्रतिमेत आपणास आपली माता दिसली, यात नवल नाही. अनेकांनी तसे लिहिले आहे. जर्मनीतील एका बंधूस त्यात त्याची आत्या दिसली. हेच त्या मुखाचे सामर्थ्य होय.

हे मुख आमच्या गायकाच्या स्वतःच्या कुळातील आहे. ते कुणाकडूनही घेतलेले नाही. ही आहे परक्या पावलांनी न मळलेल्या काळाची, समुद्रावर राज्य करणाऱ्यांची माता. आमच्या 'रक्ताचा जुना हिवाळा' या तबकडीतील '११८' हे गीत तिलाच अर्पण आहे. मूळ चित्रामागे हा अंक आढळला. रणात पडलेल्या योद्ध्यांची ती संख्या असावी, असे आमचे मत आहे.

तबकडी व एक शर्ट सोबत पाठवीत आहोत. सर्वांत मोठ्या मापाचाच उरला आहे.

रक्तात आणि हिमात,
उल्वगाल्द

ता. क. शर्ट थंड पाण्यात, उलटा करून धुवावा.


त्रोम्सो, १४ नोव्हेंबर २००९

श्री. उल्वगाल्द,

आपलं पत्र मुदतीनंतर नऊ दिवसांनी लिहिलेलं आहे. 'रक्तात आणि हिमात' असा शेवट मी याआधी कुठल्या पत्रात वाचला नव्हता. आमच्याकडे हिमात रक्त दिसलं तर रुग्णवाहिका बोलावतात.

शर्ट परत पाठवत नाही. आईच्या चेहऱ्यावर टपालाचे शिक्के बसवायची माझी तयारी नाही. तो घडी करून चादरींच्या कपाटात ठेवला आहे, चेहरा आत करून.

आता फोटोचं. तो आपल्या कुळातला आहे हे धादांत खोटं आहे. तो कुठला आहे ते मी सांगते.

१९२७ च्या उन्हाळ्यात दोन डॉक्टर आणि एक फोटोग्राफर बोटीनं आमच्या गावी, लांगबुन्नला आले. शाळेच्या खोलीत माणसांना एकेक करून बोलावलं आणि लोखंडी चिमट्यानं डोकी मोजली. लांबी, रुंदी, गालाची हाडं. मग प्रत्येकाला एक क्रमांक दिला आणि बाहेर भिंतीशी उभं करून फोटो काढला. आम्ही सामी, उत्तरेतले मूळ रहिवासी. रेनडियरवाले नाही, समुद्रकाठचे. मासे, दोन गाई, चार मेंढ्या. तेव्हा सरकारी कागदांत आम्हाला 'लाप' म्हणत, आणि मोजमाप घेऊन सिद्ध करायचं होतं ते हे, की आम्ही खालच्या प्रतीचे आहोत आणि आपोआप संपणार आहोत. ही हकीकत मला शेजारच्या बाईंनी सांगितली. त्यांचंही डोकं मोजलं होतं. "मोजून झाल्यावर विचारलं, माप बरोबर आलं का," असं त्या सांगायच्या, "तर डॉक्टर म्हणाला, तुझं काम झालं, जा."

तेव्हा आपली समुद्रावर राज्य करणारी माता ही नॉर्वेच्या विद्वानांनी खालची म्हणून टाचून ठेवलेली सामी बाई आहे. आपण तिला विद्यापीठाच्या संग्रहातून चोरलं आहे. चोराला आपण चोर म्हणतो. दुसरा शब्द शाळेत नन्सनी आम्हाला शिकवला नाही.

एकच प्रश्न विचारते, आणि त्याचं उत्तर देताना कवी होऊ नका. ते मोजणारे लोक फोटो पायापर्यंत काढत. आपल्या शर्टावर ती खांद्यापर्यंत आहे, तबकडीवर कमरेपर्यंत. मूळ फोटोत तिच्या पायांत काय आहे?

पेत्रा मिकालसेन


बेर्गेन, २७ नोव्हेंबर २००९

आदरणीय मिकालसेनबाई,

माझं नाव सिन्द्रे त्वेइत, आडनाव आईच्या माहेरचं. उल्वगाल्द हे फक्त स्टेजवरचं. दिवसा मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. मागचं पत्र आम्ही चौघांनी मिळून लिहिलं होतं. शेवटची ओळ ढोलवाल्याची. धुण्याची सूचना माझी.

तुम्ही चोर म्हणालात म्हणून हे पत्र मी एकटाच लिहितोय, आणि ते बाकीच्यांना दाखवणार नाही.

मी विद्यापीठाच्या संग्रहात कधी पाऊल टाकलेलं नाही. फोटो माझ्या आजीच्या शिवणाच्या खणात सापडला. बिस्किटांच्या डब्यात, बटणांच्या खाली. आजी २००३ मध्ये गेली. आई खण आवरत होती. म्हणाली, "हे टाकून दे." मी टाकला नाही. इतका शांत चेहरा मी पाहिला नव्हता. तो बघूनच पहिलं गाणं सुचलं.

पायांत काय आहे म्हणून विचारलंत. पाय नाहीत. फोटो गुडघ्यांच्या खाली कापलेला आहे. कात्रीनं, अगदी सरळ. आजी लोकांचे कपडे शिवायची, तिची कात्री वाकडी जात नसे. मला वाटलं, चौकटीत बसवायला कापला असेल. आता आठवतं, चौकट कधी नव्हतीच.

पण तुम्ही म्हणता तसं काही असणं शक्य नाही. हेदविगआजी अस्सल नॉर्वेजियन होती. पश्चिम किनाऱ्यावरच्या कुठल्याशा बेटावरची. युद्धात घर गेलं, माणसं गेली, इतकंच सांगायची. पुढे विचारलं की म्हणायची, "कॉफी गार होतेय."

मी वंशद्वेष्टा नाही. दुकानात सोमालियाचे लोक येतात, पाकिस्तानचे येतात, सगळ्यांचे डोळे मी सारखेच तपासतो. आमची गाणी जुन्या काळाची आहेत. तेव्हा माणसाला आपण कुठले ते न विचारता माहीत असायचं. मला ते कधी कळलं नाही. त्याची ओढ वाटणं वाईट आहे का?

सिन्द्रे त्वेइत


त्रोम्सो, ११ जानेवारी २०१०

सिन्द्रे त्वेइत यांस,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला सहा आठवडे लागले. एरवी मी त्याच आठवड्यात लिहिते.

चोर हा शब्द मागे घेते. लेखी दिला होता म्हणून लेखी मागे घेते.

हेदविग माझी बहीण.

मी सहा वर्षांची होते आणि ती पंधरा, तेव्हा, १९४४ च्या शरद ऋतूत, जर्मन सैन्य माघार घेताना आमच्याकडची घरं जाळत गेलं. एकही उरलं नाही. गोठासुद्धा. आम्हाला मासेमारीच्या बोटीत भरून दक्षिणेला नेलं. हिवाळा एका बराकीत काढला, आणि फेब्रुवारीत आई न्यूमोनियानं गेली. मला इथे त्रोम्सोला नन्सच्या शाळेत ठेवलं. हेदविग कामवाली म्हणून बेर्गेनला गेली. १९४९ साली तिचं एक पत्र आलं. ते माझ्याकडे आहे. 'माझं लग्न ठरलं. त्यांच्याकडे माहीत नाही. या पत्त्यावर लिहू नकोस.' मी लिहिलं नाही. पत्त्याचं नाव मात्र लक्षात राहिलं: त्वेइत. तुमच्या पत्राखाली ते वाचलं तेव्हा वाटलं, बेर्गेनमध्ये त्वेइत पुष्कळ असतील. मग हेदविग वाचलं. मग कात्री.

डिसेंबरमध्ये मी विमानानं दक्षिणेला गेले आणि विद्यापीठाचा संग्रह उघडायला लावला. तिथल्या बाई तरुण आणि नम्र होत्या.

"फोटो नाही हो," म्हणाल्या. "निगेटिव्हची काच केव्हाच फुटली. कार्ड आहे."

"कार्ड दाखवा."

"नाव काय म्हणालात?"

"बेरित ओल्सदत्तर."

"इथे नावानं लावलेली नाहीत. क्रमांक माहीत आहे?"

मला माहीत होता. तुम्हीच तो गाण्याला दिला आहे.

कार्ड उतरवून घेतलं, ते असं: 'क्र. ११८. बेरित ओल्सदत्तर, वय १९, लांगबुन्न. डोक्याची लांबी १८१, रुंदी १५३. डाव्या भुवईवर व्रण. पूर्णाकृती छायाचित्र. पायांत लाप पद्धतीचे जोडे, विणलेल्या पट्ट्या गुंडाळलेले. एक प्रत संबंधित स्त्रीस दिली.'

रणात पडलेले ११८ योद्धे ते हे.

जोडे म्हणजे टोक वर वळलेले चामडी. वर घोट्याला लाल पट्टी. त्या पट्टीच्या विणीवरून बाई कोणत्या गावची ते आमच्याकडे लांबूनच कळायचं. अंगावरची शाल कुणाचीही असू शकते. पायांवरून मात्र ओळखलं जातं. म्हणून हेदविगनं पाय कापले. फोटो आगीतून तिनंच काढला असला पाहिजे, अंगात लपवून. मला तो आहे हेच माहीत नव्हतं. तो तिनं चोपन्न वर्षं बटणांखाली जपला आणि त्यातले पाय नवऱ्याच्या घरी कुणाला दिसू दिले नाहीत.

आता माझीही एक दुरुस्ती. माशांच्या रांगेत मी आईला ओळखलं, असं तुम्हाला लिहिलं. ते पूर्ण खरं नाही. आईचा चेहरा मला आठवत नाही. पासष्ट वर्षं मी तो आठवायचा प्रयत्न करते आहे आणि दर वेळी मदर सुपिरियरचा चेहरा येतो. त्या पोटावर मी मला ओळखलं. १९५७ चा माझा नर्सिंग शाळेतला फोटो आहे, त्यात मी हुबेहूब अशीच दिसते. व्रणाचं ऐकून माहीत होतं.

तेव्हा मला तो फोटो बघायचा आहे. रंग न लावलेला. रजिस्टर्ड टपालानं पाठवा. जगात तो एकच आहे.

दुसरी गोष्ट. तुमची तबकडी ऐकली. तीन बैठका लागल्या. भूल उतरताना काही रुग्ण असा आवाज काढत. आम्ही त्यांना कुशीवर वळवत असू. पण सुरुवातीला, ढोल सुरू होण्याआधी, चाळीस सेकंद तुम्ही एकटे काहीतरी गुणगुणता. शब्द नाहीत. पुस्तिकेत लिहिलं आहे: 'दहाव्या शतकातील नॉर्स मंत्र'. हा मंत्र तुम्हाला कुठे मिळाला? कारण सांगत नाही. उत्तर हवं.

पेत्रा मिकालसेन


बेर्गेन, २१ जानेवारी २०१०

मावशीआजी,

असं म्हटलं तर चालेल का, माहीत नाही. खोडून पुन्हा लिहिलं, दोनदा.

तुमचं पत्र घेऊन मी आईकडे गेलो. ती भांडी पुसत होती. सगळं वाचून दाखवलं. पुसणं थांबलं नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"मला काय माहीत असणार."

"आई."

"एकदा बाबा रागावले तेव्हा तिला म्हणाले होते. तो शब्द. लाप. मी नऊ वर्षांची होते." मग ती म्हणाली, "झालं ना आता कळून? तिनं एवढा जन्म घालवला ते झाकायला. तू चव्हाट्यावर गाणार ते?"

"मी गातोच आहे. उलटं गातोय."

"मग उलटंच राहू दे. निदान शर्ट खपतायत."

मी चार दिवस विचार केला. बॅन्डमध्ये अजून सांगितलेलं नाही. खरं सांगू का? मला भीती वाटते. आमचे ऐकणारे सगळे तसले नाहीत, पण पहिल्या रांगेत येणारे काही तसलेच आहेत. त्यांना कळलं तर तबकड्या फोडतील, आणि ढोलवाला म्हणेल, तू आम्हाला फसवलंस. तीन वर्षं 'आमचं रक्त' म्हणून ओरडलो. आता उभं राहून म्हणू काय?

म्हणून मी असं ठरवलंय. तुमची मूळ मागणी पूर्ण करतो. शर्ट मागे घेतो. नव्या छपाईत मुखपृष्ठावर डोंगर येईल. '११८' गाणं कार्यक्रमात वाजवणार नाही. बाकीच्यांना सांगितलंय की फोटोच्या हक्काची कायदेशीर अडचण आहे. २७ फेब्रुवारीला इथे मोठा कार्यक्रम आहे. मागच्या पडद्यावर तिचा आठ मीटर उंच चेहरा टांगणार होतो, तो आता रद्द. कुणाला काही कळणार नाही, कुणाला त्रास नाही. तुम्ही फक्त वर्तमानपत्रात लिहू नका. कार्यक्रम झाला की फोटो स्वतः टपालात टाकतो.

मंत्राचं विचारलंत. तो मंत्र नाही. हेदविगआजी विणताना ते गुणगुणायची. कुणी खोलीत आलं की थांबायची. मी लहान होतो, टेबलाखाली बसायचो, तिला दिसायचो नाही, म्हणून मला पाठ आहे. 'हे काय आहे' म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाली, "काही नाही, टाके मोजतेय." बॅन्डला मी दहावं शतक सांगितलं. आजीची विणताना म्हणायची धून असं छापलं तर कोण विकत घेईल?

सिन्द्रे


त्रोम्सो, सोमवार, १ फेब्रुवारी २०१०

सिन्द्रे,

मावशीआजी चालेल. मीही आता तुला 'अरे-तुरे'च करणार. बहिणीच्या नातवाला अहो-जाहो करण्याइतकी मी म्हातारी नाही.

आधी मंत्राचं.

लांगबुन्नला मूल जन्मलं की आई त्याला एक धून देत असे. शब्द नसत, किंवा एखादाच. तिला आमच्याकडे योइक म्हणतात. ती त्या मुलाबद्दलची नसते, त्याच्यासाठीही नसते. ती धून म्हणजे ते मूल. तू समोर नसलास आणि मी तुझी धून म्हटली तर तू खोलीत आलास, असं समजायचं. चर्चच्या उपदेशकाच्या मते ते पाप होतं, म्हणून आई गोठ्यात म्हणायची. गाई कुणाला सांगत नाहीत.

हेदविगची धून वेगळी होती. खाली जाणारी, सावकाश. तुझ्या तबकडीतली ती नाही.

तबकडीतली दहाव्या शतकातली नाही. १९३८ सालची आहे. ती मी आहे.

आईचा चेहरा माझा गेला, पण ही राहिली होती. अर्धी. नन्सच्या शाळेत पहिल्याच आठवड्यात मी ती भांडी घासताना म्हटली, तर सिस्टर म्हणाल्या, "हे काय जनावरासारखं?" मी म्हटलं, "काही नाही, सिस्टर." त्यानंतर मोठ्यानं कधी म्हटली नाही. माझी समजूत होती की ती आता जगात कुणालाच येत नाही. आणि हेदविग, जिनं मला लिहिलं की या पत्त्यावर लिहू नकोस, ती बेर्गेनमध्ये स्वेटर विणत रोज मला खोलीत बोलावत होती आणि दार वाजलं की घालवून देत होती. चोपन्न वर्षं. तिच्यावरचा माझा राग मी फार नीट सांभाळून ठेवला होता. आता त्याचं काय करावं ते मला कळत नाही, आणि त्याबद्दल तुला जबाबदार धरायला मी तयार आहे.

आता तुझा ठराव.

तो मी दोनदा वाचला. तू फार सभ्यपणे लिहिलं आहेस. शर्ट मागे, चेहरा मागे, वर डोंगर. कारण विचारलं तर कायदेशीर अडचण. कुणाला कळणार नाही, कुणाला त्रास नाही. अरे, तुझ्या आजीनं गुडघ्यापासून खालची बाई कापली. तू बाकीची कापतो आहेस, आणि तुझी कात्री तिच्याहून सरळ आहे.

मी तुला शहाणपण शिकवायला स्वच्छ हातांनी आलेली नाही. १९५६ च्या नर्सिंग शाळेच्या अर्जात 'वंश' असा रकाना होता. मी 'नॉर्वेजियन' लिहिलं. माझं अक्षर नेहमीप्रमाणे सुरेख आलं. वॉर्डमध्ये आमच्या खाडीकाठच्या म्हाताऱ्या यायच्या, आमच्या भाषेत पाणी मागायच्या. मी समजलं नसल्यासारखं करून, "काय हवंय, नॉर्वेजियनमध्ये सांगा," असं म्हणायचे. त्या सांगायच्या. त्यांना माझा चेहरा बघून कळत असणार. त्यांतल्या एकीनंही मला उघडं पाडलं नाही. चाळीस वर्षं मी वर्तमानपत्राला पत्रं लिहिली, बर्फ काढत नाहीत म्हणून, बसची वेळ पाळत नाहीत म्हणून. याबद्दल एक ओळ लिहिली नाही.

तुझ्या पहिल्या खऱ्या पत्रात तू विचारलं होतंस, आपण कुठले हे माहीत असण्याची ओढ वाईट आहे का. तेव्हा मी उत्तर दिलं नाही. वाईट नाही. पण उत्तर मिळाल्यावर ते बटणांखाली ठेवणं वाईट आहे. तू लांगबुन्नचा आहेस. तिथे आता सात घरं आहेत आणि एक मोबाइलचा मनोरा. हजार वर्षांपूर्वी तिथे आपण काय करत होतो ते मी सांगते: कॉड वाळवत होतो. समुद्रावर कुणी राज्य केलं नाही. समुद्र तसं करू देत नाही.

तेव्हा माझी १९ ऑक्टोबरची मागणी मी मागे घेते. चेहरा काढायचा नाही. नव्या मागण्या पुढीलप्रमाणे:

आईच्या डोळ्यांतले काळे ओघळ पुसावेत. ती रडत नव्हती. तिचं डोकं मोजून झालं होतं आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

मुखपृष्ठावर फोटो गुडघ्यांपर्यंत आहे तेवढा पूर्ण छापावा. खाली जेवढा भाग कापला गेला तेवढी कोरी पट्टी सोडावी, आणि तिच्यात कार्डावरची ती ओळ छापावी: 'पायांत लाप पद्धतीचे जोडे, विणलेल्या पट्ट्या गुंडाळलेले.' आईचं नाव, वय आणि गाव. '११८' हे गाणं खुशाल वाजवा, पण त्या आकड्याचा अर्थ आधी सांगा.

२७ तारखेला पडदा टांगावा. पहिल्या रांगेतल्या त्या सद्गृहस्थांना ती कोण आहे ते तू स्वतः सांगावंस, आणि मग तुझी कोण आहे ते. उभं राहून काय म्हणू, असं तू विचारतोस. म्हण, "ही माझी पणजी बेरित." चार शब्द आहेत. तुझ्या एरवीच्या गाण्यांपेक्षा ते ऐकू येतील. ढोलवाल्याला आदल्या दिवशी सांग. कार्यक्रमाच्या दिवशी सांगितलंस तर तो फसवलं म्हणेल आणि मी त्याची बाजू घेईन.

तुझी आई चिडेल. तिला सांग, रविवारी सकाळी दहा ते बारा मी घरी असते आणि माझा फोन डिरेक्टरीत आहे. ती काही बोलली नाही तरी चालेल. भांडी पुसत फोन धरला तरी चालेल.

मी कार्यक्रमाला येते आहे. तिकीट काढलं आहे, पुढची रांग नाही, बसायला मिळेल अशी. फोटो टपालात टाकू नकोस. मी आले की हातात दे. कानात घालायला कापूस आणेन. चेहरा बघायला कान लागत नाहीत.

आणि शेवटचं, ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे. तबकडीत चाळिसाव्या सेकंदाला ढोल सुरू होतो. माझी धून तिथे संपत आलेली असते, पण संपलेली नसते. शेवटचं वळण ढोलाखाली गेलं आहे. मी ते सतरा वेळा लावून ऐकलं. शेजाऱ्यांनी दोनदा भिंत ठोकली. मला आठवतं ते तिथपर्यंतच, पुढचं नाही. आई शेवटी आवाज वर न्यायची की खाली, हे मला सांगता येत नाही. हेदविग गेली. टेबलाखाली बसून ऐकलेला आज तू एकटाच आहेस. म्हणजे शेवटाला मी वर जाते की खाली, हे जिवंत माणसांत फक्त तुला ठाऊक आहे.

ते कळव. स्वरलिपी येत नसेल तर साध्या शब्दांत लिही: वर, किंवा खाली, किंवा आहे तिथेच. फोनवर नको, फोनवर मला नीट ऐकू येत नाही, आणि गुणगुणून दाखवशील तर मला उत्तर देता येणार नाही. लेखी हवं, स्वतःच्या नावानं सही केलेलं, शुक्रवार, १२ फेब्रुवारी २०१०, दुपारी तीनच्या आत. तीनला आमचा टपालवाला दुसरी फेरी संपवतो, आणि मी खिडकीशी उभी असेन.

तुझी मावशीआजी,
पेत्रा